ग्रुपवर टाकलं म्हणजे शिकवलं असं होत नाही! दुकानातल्या माणसांना मोबाईलवरून रोज थोडं कसं शिकवायचं



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण स्टाफ ट्रेनिंगचा विषय घेतला. व्हिडिओत उदाहरणं भराभर जातात, म्हणून इथे तेच सावकाश लिहिते आहे. वही-पेन घेऊन बसा. शेवटी गृहपाठही आहे.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात आपल्यापैकी बहुतेकांकडे दोन ते दहा माणसं कामाला असतात. एचआर डिपार्टमेंट नाही, ट्रेनिंग रूम नाही, वर्गात बसवायला वेळ तर नाहीच. पण बहुतेकांच्या खिशात मोबाईल आहे आणि त्यात व्हॉट्सॲप आहे. मग त्याचा उपयोग शिकण्यासाठी नेमका कसा करायचा? एका खऱ्या प्रसंगापासून सुरुवात करू.

२२ सप्टेंबर २०२५: मेसेज सगळ्यांना मिळाला, कळला किती जणांना?

या दिवशी जीएसटीचे नवे दर लागू झाले. कपड्यांच्या धंद्यात आधीचा नियम असा होता: एका नगाची विक्री किंमत १,००० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के, त्यापुढे १२ टक्के. नव्या नियमात २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के. त्याच दिवशी घटस्थापना होती. म्हणजे सणाची गर्दी आणि नवा दर एकाच सकाळी काउंटरवर आले.

त्याआधीच व्यापाऱ्यांच्या ग्रुपवर पीडीएफ, तक्ते, बातम्या फिरत होत्या. पुष्कळ मालकांनी तेच उचलून स्टाफच्या ग्रुपवर टाकलं. दोन निळ्या टिका आल्या, मालक निश्चिंत झाला.

आता हे चार प्रश्न बघा. सगळ्या किमती कर धरण्याआधीच्या आहेत.

१. जीन्स १,८०० रुपयांची. कर किती?
२. जॅकेट २,६०० रुपयांचं. कर किती?
३. दोन जीन्स, प्रत्येकी १,४०० रुपयांच्या. एकूण २,८०० झाले. कर किती?
४. जॅकेट २,७०० रुपयांचं, त्यावर बिलातच १० टक्के सूट. कर किती?

उत्तरं: पहिल्याला ५ टक्के, म्हणजे १,८९० रुपये. जुन्या दराने तेच २,०१६ झाले असते, म्हणजे गिऱ्हाइकाचे १२६ रुपये वाचले. दुसऱ्याला १८ टक्के, म्हणजे ३,०६८. तिसऱ्याला ५ टक्केच, कारण मर्यादा एका नगाला आहे, पूर्ण बिलाला नाही. चौथ्यात सूट वजा जाता किंमत २,४३० होते, म्हणून ५ टक्के. (कंपोझिशन स्कीममधल्या दुकानांना गिऱ्हाइकाकडून वेगळा कर घेता येत नाही, त्यांनी हे उदाहरण फक्त पद्धत समजण्यासाठी घ्यावं. आणि तुमच्या मालाचा दर तुमच्या सीएकडून एकदा तपासून घ्याच.)

पीडीएफ वाचून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं येतात. तिसरा आणि चौथा प्रश्न काउंटरवरच उभा राहतो, आणि गिऱ्हाईक वाद घालतं तेही नेमकं तिथेच. सॉफ्टवेअर बिल काढून देईल, पण “असं का?” या प्रश्नाला उत्तर माणसालाच द्यावं लागतं. माहिती पोचणं आणि कामात उतरणं यात हे एवढं अंतर आहे. आजचा धडा त्या अंतराबद्दल आहे.

आपण विसरतो कसे, आणि लक्षात कसं राहतं

बीबीएला असताना आम्हाला ट्रेनिंगचा विषय होता. पुस्तकातली उदाहरणं सगळी मोठ्या कंपन्यांची. दुकान चालवायला लागल्यावर लक्षात आलं की त्यातल्या तीन गोष्टी आपल्या तीन माणसांनाही तंतोतंत लागू पडतात.

पहिली गोष्ट. हर्मन एबिंगहाउस नावाच्या जर्मन अभ्यासकाने १८८५ मध्ये स्मरणशक्तीवर पुस्तक काढलं. त्याने अर्थ नसलेल्या अक्षरांच्या याद्या स्वतः पाठ केल्या आणि किती वेळाने किती विसरलं ते मोजलं. निघालं असं की विसरणं सुरुवातीलाच सगळ्यात जोरात होतं, नंतर त्याचा वेग कमी होतो. आपल्यासाठी अर्थ सरळ आहे: सोमवारी सांगितलेलं त्याच आठवड्यात परत विचारलं नाही तर सांगण्याचे कष्ट पाण्यात.

दुसरी गोष्ट. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. काहींनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी वाचून झाल्यावर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर परत वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणजे ग्रुपवर तोच मेसेज चार वेळा फॉरवर्ड करण्यापेक्षा एकदा प्रश्न विचारणं जास्त कामाचं.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेतल्या कारखान्यांमध्ये नवखी माणसं मोठ्या संख्येने आली. त्यांना झटपट शिकवायला मुकादमांसाठी एक सरकारी कार्यक्रम काढला होता, १९४० ते १९४५ या काळात. त्यात काम शिकवण्याच्या चार पायऱ्या होत्या: माणसाला तयार करा, काम करून दाखवा आणि सांगा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर लक्ष ठेवा.

आता या चार पायऱ्यांसमोर आपला मोबाईल ठेवा. दाखवणं आणि सांगणं मोबाईल छान करतो. नंतर आठवण करून देणंही करतो. पण तिसरी पायरी, म्हणजे करून घेणं, मोबाईल करू शकत नाही. ते काउंटरवर, मशीनवर, ओट्यावर, तुमच्यासमोरच व्हायला हवं.

वहीत एवढं एक वाक्य लिहून ठेवा: मोबाईलवर दाखवायचं, हाताने करून घ्यायचं, मोबाईलवर परत विचारायचं. पुढचं सगळं याच वाक्याची फोड आहे.

पायरी १: शिकायचा ग्रुप वेगळा काढा

कामाच्या ग्रुपवर “माल आला का”, “उद्या सुट्टी हवी”, “गुड मॉर्निंग”चं फूल, सगळं एकत्र असतं. त्यात धडा टाकला की तासाभरात तो वर सरकून दिसेनासा होतो. म्हणून दोन ग्रुप: एक कामाचा, एक शिकण्याचा. तीनच माणसं असली तरी दोन.

शिकण्याच्या ग्रुपची सेटिंग अशी ठेवा:

– ‘फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील’ हे चालू करू नका. स्टाफ बोलला नाही तर तो ग्रुप नाही, भिंतीवरची नोटीस झाली.
– मेसेज आपोआप नाहीसे होण्याची सेटिंग बंद आहे ना, ते बघा. नाहीतर तुमचे धडेच पुसले जातील.
– चालू आठवड्याचा धडा पिन करा. तीन मेसेजपर्यंत पिन करता येतात आणि पिन जास्तीत जास्त ३० दिवस राहते.
– बिलाचा, लेबलचा, मोजमापाचा फोटो एचडीमध्ये पाठवा. एरवी आकडे पुसट दिसतात.
– भाषेचा हट्ट नको. आपल्याकडे एकाच दुकानात मराठी, हिंदी, सिंधी बोलणारी माणसं असतात. कुणाला वाचण्याचा कंटाळा, कुणाला देवनागरी सावकाश वाचता येतं. एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज सगळ्यांना समजतो.

पायरी २: धडा काउंटरवरून उचला

“रोज काय टाकू?” हा प्रश्न मला प्रत्येक बॅचमध्ये विचारतात. उत्तर तुमच्या गल्ल्याजवळच आहे. तिथे एक छोटी वही ठेवा आणि स्टाफने तुम्हाला विचारलेला प्रत्येक प्रश्न आठवडाभर लिहा. समोरासमोर विचारलेला, फोनवर विचारलेला, सगळे. जो प्रश्न तीनदा आला तो पुढच्या आठवड्याचा धडा. इंटरनेटवर ‘बेस्ट सेल्स टिप्स’ शोधत बसू नका.

तीन गावांतली तीन उदाहरणं घेऊ.

*उल्हासनगर, कपड्यांचं दुकान.* वहीत सारखा येणारा प्रश्न: “मॅडम, धुतलेली जीन्स परत घेऊन आलेत, घ्यायची का?” धडा: परत घेण्याच्या तीन अटी, एका मिनिटाच्या व्हिडिओत. पहिल्यांदा बिल बघायचं, मग टॅग, मग शिलाई. आणि ‘नाही’ म्हणताना नेमकं कोणतं वाक्य बोलायचं तेही. गिऱ्हाईक तुटतं ते बऱ्याचदा नियमापेक्षा बोलण्याच्या पद्धतीमुळे.

*अंबरनाथ, एमआयडीसीतलं छोटं वर्कशॉप.* नवीन पोराला व्हर्निअर वाचता येत नाही. जॉबवर व्हर्निअर लावलेला फोटो टाका आणि विचारा: “माप किती?” रोज एक फोटो, रोज वेगळं माप. पण एक पक्कं लक्षात ठेवा: जिथे ज्वलनशील रसायनं हाताळतात तिथे मोबाईल आत न्यायचा नसतो, आणि चालू मशीनसमोर व्हिडिओ बघायचा नसतो. धडा जेवणाच्या सुट्टीच्या जागी, गेटजवळ. मशीनजवळ फक्त हात आणि डोळे.

*बदलापूर, घरगुती खाद्यपदार्थ.* तीन-चार ताया मिळून लाडू, चिवडा, पीठं पॅक करतात. पाकिटाच्या लेबलचा फोटो टाका आणि विचारा: “यात काय राहिलंय?” पदार्थाचं नाव, घटक, निव्वळ वजन, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, शाकाहाराचं हिरवं चिन्ह, एफएसएसएआय क्रमांक, पत्ता. यातली एक गोष्ट मुद्दाम झाकून फोटो काढायचा. डोळ्याला सवय लागली की चुकीचं पाकीट टेबलावरून पुढे जात नाही.

पायरी ३: आठवड्याचं वेळापत्रक

सोमवार: प्रश्न. फक्त प्रश्न, उत्तर नाही. इथे पोल वापरायचा मोह होतो, पण पोलमध्ये कुणी काय निवडलं ते बाकीच्यांना दिसतं. मग अनुभवी माणसाने जे दाबलं तेच सगळे दाबतात. त्यापेक्षा उत्तर प्रत्येकाने तुमच्या पर्सनल नंबरवर पाठवायचं. चुकलेल्याची लाजही राखली जाते.

मंगळवार: उत्तर आणि कारण, व्हॉइस मेसेजवर. कारण सांगायला विसरू नका. ‘असंच करायचं’ हे लक्षात राहत नाही, ‘असं का करायचं’ हे राहतं.

बुधवार: एक मिनिटाचा व्हिडिओ. हा शक्यतो स्टाफपैकी कुणीतरी करायचा. साडीची घडी, कार्डाचं मशीन अडकलं तर काय करायचं, साइज कशी ओळखायची. तुमच्यापेक्षा त्यांचे हात या कामात जास्त बसलेले आहेत.

गुरुवार: मोबाईल खाली. दुकान उघडल्यावर गर्दी होण्याआधी दहा मिनिटं एकजण गिऱ्हाईक बनतो, दुसरा उत्तर देतो. ही ती तिसरी पायरी. ही गाळली तर बाकी सगळं वाया गेलं असं समजा.

शनिवार: तोच सोमवारचा प्रश्न, आकडे बदलून. १,४०० च्या दोन जीन्सऐवजी ९०० चे तीन शर्ट. ज्याला तत्त्व कळलं तो सोडवेल, ज्याने उत्तर पाठ केलं तो अडकेल. दोघेही तुम्हाला ओळखता येतील.

तीन आठवड्यांनी तोच प्रश्न अचानक एकदा परत. एबिंगहाउस आठवा.

पायरी ४: धडा सापडला पाहिजे

ग्रुपमधला मेसेज दोन महिन्यांनी शोधून सापडत नाही. आणि नवीन माणूस आला तर त्याला जुने धडे दिसतीलच असं नाही. म्हणून चांगले व्हिडिओ यूट्यूबवर ‘अनलिस्टेड’ ठेवा आणि त्यांची प्लेलिस्ट करा. अनलिस्टेड व्हिडिओ शोधून सापडत नाही, लिंक असेल त्यालाच दिसतो. पण लिंक पुढे गेली तर कुणीही बघू शकतं, म्हणून त्यात खरेदीचे भाव, पासवर्ड, गिऱ्हाइकाचा चेहरा किंवा नंबर कधीही नको. नावं साधी द्या: ‘बिलिंग ३: माल परत कसा घ्यायचा’.

आणि आता महाराष्ट्रातलंच एक उदाहरण. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. त्यांचं गाजलेलं काम म्हणजे पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड. मोबाईलने कोड स्कॅन केला की त्या धड्याचा ऑडिओ किंवा व्हिडिओ समोर. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांतही क्यूआर कोड आले.

यातली युक्ती आपण उचलायची आहे: धडा शोधायला माणसाने कुठे जायचं नाही, धडा कामाच्या जागीच हजर. पेमेंटचा क्यूआर गिऱ्हाइकासाठी काउंटरच्या बाहेरच्या बाजूला असतो. तसा स्टाफसाठी आतल्या बाजूला एक लावा. बिल मशीनपाशी ‘रोल कसा बदलायचा’, ट्रायल रूमच्या दाराजवळ ‘साइज कशी सुचवायची’, शिलाई मशीनच्या टेबलाला ‘दोरा कसा भरायचा’. क्यूआर फुकट तयार होतो, प्रिंटचा खर्च किरकोळ. तुम्ही माल भरायला मुंबईत गेलात, लोकल कुठे अडकली आणि फोन लागत नाही, तरी दुकान अडत नाही.

पायरी ५: या चार मर्यादा पाळा

एक, वेळ. रात्री दहाला प्रश्न टाकून “उत्तर का नाही दिलं?” विचारू नका. शिकणं हे काम आहे, ते कामाच्या वेळेत. आपल्याकडे बरीच माणसं कर्जत किंवा टिटवाळ्याकडून लोकलने येतात. घरी गेल्यावरचा वेळ त्यांचा आहे.

दोन, परवानगी. कुणाचाही चेहरा व्हिडिओत घ्यायचा तर आधी विचारा, विशेषतः ताई-मावशींना. नको म्हटलं तर फक्त हात दिसू द्या. काम हातांचंच आहे.

तीन, चूक झाली तर नाव नाही. ‘या आठवड्यात एका बिलात असं झालं’ एवढं पुरे. ग्रुपवर एकदा एखाद्याची खरडपट्टी काढलीत, की पुन्हा कुणी प्रश्न विचारणार नाही. आणि प्रश्न थांबले की चुका लपायला लागतात. लपलेली चूक कळते ती थेट गिऱ्हाइकाकडून.

चार, ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही किंवा रिचार्ज संपलाय, त्याला बाहेर ठेवू नका. दुकानात एक जुना फोन वायफायवर ठेवा, तो सगळ्यांचा.

“शिकवलं आणि सोडून गेला तर?”

हा प्रश्न व्हिडिओखाली सगळ्यात जास्त येतो, आणि तो खरा आहे. आपल्या पट्ट्यात पोरगा शिकतो आणि हजार रुपये जास्त मिळाले की समोरच्या दुकानात जातो. कधी बाजूलाच स्वतःचं दुकान टाकतो.

दोन बाजूंनी विचार करू. माणूस जाणारच असेल तर न शिकवताही जाईल. फरक एवढाच की तुमच्या दुकानातली सगळी विद्या त्याच्या डोक्यात असेल तर तीही त्याच्याबरोबर जाईल. कोणता माल कुठे, कोणत्या गिऱ्हाइकाला काय चालतं, मशीन कुठे अडतं, हे सगळं. त्याने केलेले दहा छोटे व्हिडिओ दुकानात राहिले, तर पुढचा माणूस शून्यापासून सुरू करत नाही. जाताना त्याला ग्रुपमधून काढा, आणि हो, आभार मानून काढा.

दुसरी बाजू. उल्हासनगर मुळात कल्याणजवळच्या लष्करी छावणीत फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांनी उभं केलं. ८ ऑगस्ट १९४९ ला या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळालं, पण आजही आपण पत्ता ‘कॅम्प तीन’, ‘कॅम्प पाच’ असाच सांगतो. इथल्या बाजारात आज गल्ल्यावर बसलेले कितीतरी मालक आधी कुणाच्या तरी काउंटरवर उभं राहून धंदा शिकले. कुणीतरी शिकवलं म्हणून बाजार वाढला. तुमच्याकडे कामाला असलेल्या माणसाला आपण इथे काहीतरी शिकतोय असं वाटलं, तर हजार रुपयांसाठी जाण्याआधी तो निदान एकदा विचार करतो. आणि शिकलेल्या माणसाला पगारवाढ द्यायलाही तुमच्याकडे कारण असतं. फक्त शिकवायचं आणि पगार तिथेच ठेवायचा, हे मात्र फार दिवस चालत नाही.

फायदा झाला की नाही, मोजायचं कसं?

मोठी पद्धत नको. दुकानात नसताना तुम्हाला दिवसात “हे कसं करू?” असे किती फोन आले, ते त्या गल्ल्याजवळच्या वहीत रोज लिहा. पहिल्या आठवड्याचा आकडा आणि सहाव्या आठवड्याचा आकडा शेजारी ठेवा. कमी झाला तर पद्धत लागू पडतेय. तेवढाच राहिला तर बघा, बहुतेक गुरुवारची दहा मिनिटं गाळली जात असतील.

या आठवड्याचा गृहपाठ

१. गल्ल्याजवळ वही ठेवा, सात दिवस प्रश्न लिहा.
२. शिकण्याचा वेगळा ग्रुप काढा. नाव स्टाफला ठेवू द्या.
३. तीनदा आलेला एक प्रश्न निवडून सोमवार ते शनिवार एकदा पूर्ण चालवा. एकच.
४. एक व्हिडिओ स्टाफकडून करून घ्या आणि त्याचा क्यूआर आतल्या बाजूला चिकटवा.

पुढच्या व्हिडिओत आपण नवीन माणसाचे पहिले सात दिवस हा विषय घेणार आहोत. तोपर्यंत तुमची वही भरलेली हवी, कारण पुढचा धडा त्याच वहीतून निघणार आहे. भेटू!